तिरळा वेताळ

नदीकाठच्या चितारगावात हैबती नावाचा एक पहिलवान राहत होता. तरुणपणी त्याने भल्याभल्यांना अस्मान दाखवले होते. आता मात्र त्याच्या गुडघ्यांनी दगा दिला होता. तालमीच्या कट्ट्यावर बसायचे आणि आत झोंबणाऱ्या पोरांना ओरडून डाव सांगायचे, एवढेच काम उरले होते. अंग थकले होते, खुमखुमी मात्र जशीच्या तशी होती.

नदीपलीकडच्या गावात त्याचा जोडीदार राहायचा. त्याचे नाव दौलू. दर जत्रेत या दोघांची कुस्ती ठरलेली असे. एका वर्षी हा पडायचा, एका वर्षी तो. जो पडेल त्याने दुसऱ्याला पोटभर जिलबी खाऊ घालायची, अशी त्यांची रीत होती. दोघांचेही गुडघे गेले, कुस्ती बंद पडली आणि जिलबीची गोडीही गेली.

एके दिवशी दौलू नावेतून आला आणि हैबतीच्या ओट्यावर बसला.

"जत्रा झाली की लेकीकडं चाललोय," तो म्हणाला. "लांब, पार समुद्राकाठी. परत येणं काय आता हुईल असं वाटत न्हाई. जायच्या आधी एक शेवटची कुस्ती पायजे."

"गुडघ्यावर हात ठेवून बोल की मर्दा," हैबती म्हणाला.

"हौद्यातल्या मातीत न्हाई रं. पटावर."

पट म्हणजे चितारगावच्या जत्रेतला मानाचा खेळ. मोठ्या चौरंगावर मातीचे डोंगर, शेवाळाची राने आणि निळ्या रांगोळीची नदी मांडायची. त्यावर दोन बाजूंनी लाकडी सोंगट्यांच्या फौजा उतरवायच्या. सोंगट्या अंगठ्याएवढ्या. त्यांत राजा आणि सेनापती तर असतच, पण राक्षस, वेताळ, यक्षीण, उडता घोडा आणि सुसरीच्या तोंडाचा पहारेकरीही असे. खेळाचे दोन नियम फार जुने होते. पहिला, ज्याची फौज त्यानेच रंगवायची, आणि डोळे न रंगवलेली सोंगटी पटावर घ्यायची नाही. दुसरा, सोंगटीचे डोळे ज्या बाजूला पाहतात, त्याच बाजूला तिने वार करायचा.

दौलू बरीच वर्षे पट खेळत होता. हैबतीने कुंचला कधी हातातही धरला नव्हता.

"उतरतो!" तरीही तो म्हणाला. मनात म्हणाला, अंगठ्याएवढ्या बाहुल्या! त्यांना रंग फासायला असा कितीसा वेळ लागणार?

त्याने सुताराकडून बारा कोऱ्या सोंगट्या आणल्या आणि गावातल्या सगळ्यात जुन्या चितारणीकडे, अनसाक्काकडे गेला. अनसाक्का बोलायला फटकळ होती, पण शिकवताना हातचे राखत नसे. "आधी पांढऱ्या मातीचा हात दे," ती म्हणाली. "त्यो वाळला की रंग. रंग ताकावाणी पातळ पायजे. दाट एक हात देण्यापरीस पातळ दोन दे, आणि पहिला वाळल्याबिगर दुसऱ्याला शिवू नगंस."

हैबतीने मान डोलावली. घरी येईपर्यंत त्यातले निम्मे तो विसरला होता आणि उरलेले त्याला पटले नव्हते. पांढरा हात द्यायचा आणि पुन्हा त्यावर रंग लावायचा, हा कसला उद्योग? त्याने वेताळाची सोंगटी उचलली, कुंचला शिंपल्यातल्या हिरव्या रंगात मुठीपर्यंत बुडवला आणि तालमीत अंगाला तेल चोपडावे तसा चोपडला. कोऱ्या लाकडाने निम्मा रंग पिऊन टाकला. त्याने आणखी लावला. वेताळाचे नाक बुडाले, दात बुडाले. डोळे काढायला गेला, तर हात असा थरथरला की काळा ठिपका कपाळभर पसरला. समोर वेताळ नव्हता, गांधीलमाशी चावलेला भोपळा होता.

हैबतीने आधी दाराकडे पाहिले. कुणी पाहिले तर नाही ना? मग पटकन ऊन पाणी घेतले. रंग डिंकात खललेले होते. सोंगटी बुडवताच सगळे धुऊन निघाले आणि लाकूड पुन्हा कोरे झाले. त्याला हायसे वाटले.

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा बसला. पुन्हा नाक बुडाले, पुन्हा ऊन पाणी आले. तिसऱ्या दिवशी तेच. मग तो दार लावून बसू लागला. कुणी विचारले की म्हणायचा, "चाललंय झकास!" हजारो माणसांसमोर चारी मुंड्या चीत होताना जो कधी लाजला नव्हता, तो एका वेताळापायी शेजाऱ्यांपासून तोंड लपवू लागला. लोकांच्या डोळ्यांपुढे तो अजून जिंकणारा हैबती होता, आणि त्याला तसाच राहायचे होते.

होता होता जत्रेचे मांडव उभे राहू लागले. पाळणे आले, रेवड्यांची दुकाने आली. हैबतीच्या बाराही सोंगट्या सुताराकडून आल्या तशाच कोऱ्या होत्या. दौलू जाणार, आणि शेवटची कुस्ती न होताच जाणार!

त्याने सोंगट्या फडक्यात बांधल्या आणि अनसाक्काचे घर गाठले.

"आक्का, तूच रंगव या. कुणाला कळायचं न्हाई."

अनसाक्का हातातला कुंचला खाली न ठेवता म्हणाली, "हौद्यात तुझ्या बदली दुसराच कुणी उतरला असता, तर दौलू लढला असता?"

हैबतीने फडके परत काखेला मारले.

"बरं, तू रंगवलेल्या दाव बघू."

हैबतीने फडके सोडले. कोऱ्या सोंगट्या पाहून अनसाक्काने कपाळाला हात लावला. मग हैबतीने सगळे सांगून टाकले. रोज रंगवतो, रोज बिघडते, रोज धुतो.

"पहिल्या कुस्तीत पडला हुतास का रं?" अनसाक्काने विचारले.

"पडलो हुतो की. तालीमभर हसले हुते."

"मग काय केलंस?"

"काय करणार? पाठीची माती झटकली आणि पुन्हा उभा ऱ्हायलो."

"झटकलीस," अनसाक्का म्हणाली. "आंघूळ करून घरी न्हाई पळालास. हितं तू रोज पडतोस आणि रोज आंघूळ करून घरी पळतोस. तुझा रोजच पहिला दिवस. दुसरा उगवायचा कधी?"

हैबतीला हे थेट लागले. कुस्तीच्या भाषेतले त्याला चटकन कळायचे. तो सोंगट्या घेऊन घरी आला आणि त्याने दार सताड उघडे टाकले.

या वेळी त्याने पांढरा हात दिला आणि तो वाळेपर्यंत मांडीखाली हात दाबून बसून राहिला. त्याच्यासाठी याहून अवघड डाव नव्हता. मग पातळ हिरवा रंग दिला. वेताळाचे दात दिसत राहिले, नाकही जागेवर राहिले! हैबतीला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. त्या भरात त्याने डोळे काढले, आणि एक बुबुळ पार डावीकडे गेले, दुसरे पार उजवीकडे. वेताळ ठार तिरळा झाला.

हात आपोआप ऊन पाण्याकडे गेला. भांड्याच्या काठापाशी तो थांबला. हैबतीने एक मोठा श्वास घेतला, वेताळ उचलला आणि रस्त्यावरच्या खिडकीत, सगळ्यांना दिसेल असा ठेवला. आजवर त्याने मारलेल्या कुस्त्यांत ही सगळ्यात मोठी होती, पण टाळी वाजवायला तिथे कुणी नव्हते.

थोड्या वेळाने पाण्याला निघालेली एक सून खिडकीशी थबकली आणि खुदकन हसली. "पहिलवानमामा, ह्यो बघतोय तरी कुणीकडं?"

"तुझ्याकडंबी बघतोय आणि तुझ्या सासूकडंबी!" हैबती म्हणाला, आणि स्वतःच पोट धरधरून हसला. कितीतरी दिवसांत तो असा हसला नव्हता. आपल्या फजितीवर लोक हसले म्हणून छप्पर कोसळत नाही, हे त्याला कळले.

मग काम कसे झपाट्याने सुरू झाले! दुसरी सोंगटी पहिलीपेक्षा थोडी बरी झाली. तिसरी बिघडली, पण वेगळ्या जागी. खिडकीतल्या रांगेकडे पाहिले की त्याला समजायचे, इथे रंग दाट झाला, इथे घाई केली. अनसाक्का येता-जाता एखादी खूण सांगून जायची. काजळाचे पाणी खाचांत सोडले की सुसरीची खवले उठून दिसतात. कुंचला फडक्याला पुसून कोरडा केला आणि हलकेच फिरवला की राक्षसाच्या केसांवर ऊन पडल्यासारखे दिसते. डोळ्यांची युक्ती मात्र हैबतीला त्याची त्यालाच सापडली. पकड घालताना करायचा तेच त्याने केले. दोन्ही हातांचे कोपर समोरच्या चौरंगावर रोवले, मनगटाला मनगट भिडवले, श्वास सोडला आणि त्या सोडलेल्या श्वासात ठिपका ठेवला. हात हलला नाही.

बारावी सोंगटी सेनापतीची होती. तिच्या डोळ्यांत जरब होती आणि मिशीला पीळ होता. अनसाक्काने ती उलटसुलट करून पाहिली आणि फक्त "हं" म्हणाली. अनसाक्काचे "हं" गावात फार थोड्यांना मिळाले होते.

जत्रेच्या दिवशी चौरंगाभोवती ही गर्दी जमली. दौलूची फौज उतरली, देखणी आणि एकसारखी. मग हैबतीची उतरली. शेवटच्या सोंगटीकडून पाहिली तर उत्तम, आणि पहिलीकडे जावे तशी भयंकर. तिरळा वेताळ दिसताच हशा पिकला. सगळ्यात मोठ्याने हैबतीच हसला.

खेळ सुरू झाला. दौलू मुरलेला गडी. बघता बघता त्याने हैबतीच्या राजाला कोंडीत धरले. डावीकडून राक्षस चालून आला, उजवीकडून उडता घोडा. एकाला मारावे तर दुसरा राजाला घेणार. मधे उभा होता फक्त वेताळ.

"सोड आता!" दौलू खुशीत म्हणाला. "जिलबी सांग."

हैबतीने वेताळाकडे पाहिले, आणि त्याचा चेहरा उजळला. "वेताळ वार करतोय," तो म्हणाला. "दोन्हीकडं."

"दोन्हीकडं? असं कुठं असतंय?"

"डोळे बघतात तिकडं वार. नियमच हाय की."

पंच वाकले. त्यांनी भिंग लावून वेताळाला समोरून पाहिले, बाजूने पाहिले. शेवटी घसा खाकरून म्हणाले, "एक डोळा राक्षसाकडं, एक घोड्याकडं. नियमात डोळे म्हटलंय, सरळ डोळे म्हटलेलं न्हाई. दोन्ही सोंगट्या मेल्या!"

जत्रेने जो गलका केला, तो नदीपलीकडे ऐकू गेला असेल. दौलू आधी चिडला, मग डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. मग दोघे पुन्हा भिडले आणि दिवस कलेपर्यंत लढले. शेवटी दौलूनेच डाव मारला. हैबतीने आनंदाने जिलबी मागवली.

जिलबी खाताना दौलूने हातातला तुकडा पानावर ठेवला. मग म्हणाला, "उद्या निघणार. तुझी एक सोंगटी दे बरोबर न्यायला."

हैबतीने सेनापती पुढे केला. "ही ने. माझ्या हातची सगळ्यात चांगली हाय."

दौलूने मान हलवली. "अशी मी बी रंगवतो. मला वेताळ दे. त्यो तुझ्याबिगर जगात कुणाला जमायचा न्हाई. तिकडं समुद्राकाठी बसून बघीन, आणि हसीन."

हैबतीने वेताळ त्याच्या तळहातावर ठेवला. तो कितीदा ऊन पाण्यात गेला होता ते त्याला आठवले, आणि त्या दिवशी हात भांड्यापाशी थांबला याबद्दल त्याने मनोमन देवाचे आभार मानले.

दौलूची नाव गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी हैबतीने एक नवी कोरी सोंगटी घेतली आणि पुन्हा वेताळ रंगवला. मनगटाला मनगट भिडवले, श्वास सोडला, ठिपके ठेवले. या वेळी डोळे अगदी सरळ आले.

त्याला जरासे वाईटच वाटले.

तात्पर्य: आपले पहिले वेडेवाकडे काम लाजेपायी पुसून टाकणाऱ्याचा रोज पहिलाच दिवस असतो; जो ते हसत खिडकीत मांडतो आणि दुसरे हाती घेतो, तोच शिकतो.