तिसऱ्या दिवसाचा विळा

शिवथळ गावात पाहुणचार दोनच दिवस. तिसऱ्या दिवशी सकाळी पाहुण्याच्या हातात विळा येतो. शिवेवरच्या भातखाचरापाशी उभे राहून कोंडाजीआबा ही हकीगत सांगतात, तेव्हा ऐंशीच्या घरातला हा माणूस तरणा दिसतो.

साडेतीनशे वर्षांपूर्वीची गोष्ट, म्हणे. शिवेच्या अलीकडे बारखोऱ्याचे राजे निंबाजी, पलीकडे सुळगडचे राजे रायाजी. दोघांची दोस्ती होती म्हणून दोन्ही मुलुख शत्रूपासून वाचले होते. दसरा झाल्यावर रायाजी चारशे माणसे घेऊन भेटीला निघाले आणि बारखोऱ्याच्या पहिल्याच गावात, शिवथळला, अडकले. पाहुण्याला घ्यायला यजमानाने शिवेवर यावे की पाहुण्याने निंबाजींचा गड चढावा, यावर कारभाऱ्यांचा वाद पेटला. जासूद धावत राहिले. पुढे जावे तर कमीपणा, परतावे तर दोस्ती मोडणार!

आठ दिवस सारा गाव घोड्यांना गवत आणि राजाला पाणी वाहत होता. खाचरात पिकलेले भात तसेच उभे होते, दाणे झडत होते. आणखी दोन दिवसांत गावाचे वर्षाचे अन्न मातीत जाणार होते.

नवव्या दिवशी गोजाई पाटलीण विळा घेऊन राजाच्या राहुटीत शिरली.

"राजं, आमच्या गावची रीत हाय. पाव्हणा दोन दिवस पाव्हणा. तिसऱ्या दिवशी तो घरचा, आन् घरचा मानूस कापणीला बसून ऱ्हात न्हाई."

अशी रीत तेव्हा नव्हतीच. तिने ती तिथेच रचली, असे सांगतात. पहारेकऱ्यांचे हात तलवारीवर गेले.

रायाजी म्हणाले, "आज तर नववा दिवस."

"म्हनूनच आले. सा दिवसांचं काम तुंबलंय तुमचं."

राजाने विळा घेतला. मग मागे कोण राहणार? चारशे माणसे खाचरात उतरली.

गावाने पाहुण्या राजाला मजुरीला लावले, ही बातमी गडावर पोचली. निंबाजी संतापले. दोस्ती गेली, आता त्या बाईला शासन करायचे, एवढेच त्यांच्या डोक्यात होते. शिवेचा वाद विसरून ते घोड्यावर बसले आणि थेट खाचराच्या बांधावर आले. पाटलिणीला पुढे आणा, म्हणून गरजले.

रायाजी कमरेइतक्या भातात वाकलेले होते. त्यांनी मान वर केली.

"पाटलीणबाईंना हात लावाल तर भांडण माझ्याशी. आणि पाहुण्याला भेटायला आला असाल, तर तो सहा दिवसांपूर्वीच संपला. घरच्याला भेटायचे तर खाली या."

निंबाजी घोड्यावरून खाली आले. मग जोडे काढून खाचरात उतरले. कोण कोणाकडे आले, हे नंतर कोणी विचारलेच नाही. सूर्य मावळायच्या आत भात खळ्यावर होते, आणि तो सलोखा पुढे तीन पिढ्या टिकला, म्हणे.

आजही शिवथळला नवा जावई आला की तिसऱ्या दिवशी पहाटेच उठून ओटीवर बसतो. विळा द्यायला उशीर झाला, तर सासूबाईंना विचारतो, "मी अजून परकाच का?"