वर्गातून कमी केलेले नाव

एकदा एका वृद्ध गुरुजींनी वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी मोबाइलच्या पडद्यावर शाळा काढली. आयुष्यभर तालुक्याच्या गावी गणित शिकवून निवृत्त झालेला हा माणूस. स्वतःचे गुडघे गेलेले, समवयस्कांचेही गेलेले, त्यामुळे कोणी कोणाकडे जाईना आणि सगळे आपापल्या घरात बसून मनाने म्हातारे होऊ लागले, हे त्यांनी पाहिले आणि बुद्धिव्यायामाचा वर्ग सुरू केला. सुरुवातीला बुद्धी बाजूलाच राहिली, पडदा सांभाळतानाच सगळ्यांच्या नाकी नऊ आले. कोणाचे नुसते कपाळ दिसे, तर कोणाच्या घरातला पंखा. एक आजोबा बराच वेळ तावातावाने बोलले आणि शेवटी कळले की त्यांचा आवाज बंदच होता. गुरुजी म्हणाले, "हावभावांवरून मुद्दा पटला," आणि सगळे पोट धरून हसले.

पहिल्याच दिवशी गुरुजींनी स्पष्ट सांगितले होते, "जे गेलं ते परत आणून देईन, असं मी म्हणत नाही. जे आहे ते वापरात राहावं, एवढ्यासाठी हा वर्ग. इथे चुकायला पूर्ण मुभा आहे. चुकायचं, हसायचं आणि पुढे जायचं." सगळ्यांनी माना डोलावल्या. मंदाकिनीताईंनीही डोलावली, पण यातले एकही वाक्य त्यांच्या आत पोहोचले नव्हते. त्या तिथे गेलेले परत मागायलाच आल्या होत्या.

मंदाकिनीताई स्वतः विद्यार्थी नव्हत्या. विद्यार्थी होते त्यांचे पती त्र्यंबकशेठ, ज्यांचे बाजारपेठेत साड्यांचे मोठे दुकान होते. लग्न ठरले की आजूबाजूच्या गावांतली कुटुंबे बस्ता बांधायला, म्हणजे लग्नाचे सगळे कापड एकदम खरेदी करायला, त्यांच्याकडेच येत. त्याला कारण होते शेठजींची स्मरणशक्ती. थोरल्या मुलीच्या लग्नात कोणत्या आत्याला कोणत्या रंगाची साडी गेली होती आणि ती कशी रुसली होती, हे घरच्यांना आठवत नसे, पण शेठजींना आठवे. "आत्याबाईंना या खेपेला जरा भारीतली दाखव रे," असे ते नोकराला हळूच सांगत आणि मांडवातले एक भांडण गादीवर बसल्या बसल्या मिटवून टाकत. मंदाकिनीताईंना या गोष्टीचा फार अभिमान होता, आणि तो त्या लपवीत नसत.

अशा माणसाने एके दिवशी बस्त्याला आलेल्या गृहस्थांना विचारले, "तुमच्या मातोश्री नाही आल्या?" त्या मातोश्रींच्या अंत्ययात्रेला शेठजी स्वतः गेले होते. पुढे रंग चुकू लागले, मग माणसे चुकू लागली, आणि परगावी असलेल्या मुलाने येऊन दुकान दुसऱ्याच्या हवाली केले. डॉक्टरांनी आजाराचे नाव सांगितले. मंदाकिनीताईंनी ते नाव घरात कधीही उच्चारले नाही. मुलाने जाण्यापूर्वी एक टॅब आणून दिला, तो टेबलावर कसा उभा करायचा आणि वर्गात कसे शिरायचे ते आईला शिकवले. बाईंनी ते चटकन आत्मसात केले. नवरा बरा होणार असता तर त्यांनी विमान चालवायलाही शिकून घेतले असते.

पहिल्या दिवशी गुरुजींनी विचारले, "त्र्यंबकशेठ, पाच फळभाज्या सांगा बरं." शेठजी म्हणाले, "वांगं. भोपळा." आणि थांबले. पडद्यावरच्या सगळ्या चौकोनांतली माणसे शांतपणे वाट पाहू लागली. ती शांतता मंदाकिनीताईंना सोसवेना. त्या टॅबच्या डाव्या बाजूला, कॅमेऱ्यात दिसणार नाही अशा स्टुलावर बसल्या होत्या. त्यांच्या तोंडून नकळत शब्द निसटला, "दोडका." शेठजी म्हणाले, "दोडका." मग कारले, मग पडवळ. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि शेठजी हसले. ते हसू पाहून बाईंचे डोळे भरून आले.

आता हे फसवणे झाले का? बाईंना तसे मुळीच वाटले नाही. त्यांच्या पेठेत एक जुनी रीत होती. गिऱ्हाइकाने मागितलेला रंग आपल्याकडे नसला, तर 'नाही' म्हणायचे नाही. गिऱ्हाइकाला चहा पाजायचा आणि मागच्या दाराने शेजारच्या दुकानातून ती साडी आणून पुढे पसरायची. दुकानाची अब्रू राहते, गिऱ्हाइकाची सोय होते आणि शेजाऱ्याचा माल खपतो. बाईंनी हे जन्मभर पाहिले होते आणि तेच त्या करीत होत्या. त्यामुळे वर्गात त्र्यंबकशेठांची वाहवा होऊ लागली. महिने उलटे म्हणायचे असोत की शंभरातून सात सात कमी करत यायचे असो, शेठजी डावीकडे पाहून उत्तर देत आणि उत्तर बरोबर येई.

पण वर्ग संपला की मागचे दार बंद होई आणि घरात काही वेगळेच चाले. बाईंना वाटे, रोज घोटून घेतले तर एक दिवस हे आपणहून येईल. त्या सकाळीच सुरुवात करीत. "अहो, आज वार कोणता?" "काल जेवणात काय होतं?" "हा फोटोतला कोण? नीट बघा. स्वतःच्या मुलाला ओळखत नाही?" चहाचा कप हातात असे, पण तो पुढे होत नसे. "आधी सांगा, मग चहा." शेठजी कपाकडे पाहत, फोटोकडे पाहत आणि पुन्हा कपाकडे पाहत. हळूहळू बाई खोलीत आल्या की ते अंग चोरून बसू लागले. बाईंना वाटले, आजार वाढतोय, आणि त्यांनी प्रश्नही वाढवले.

अशात एका सकाळी गुरुजींचा निरोप आला. "त्र्यंबकशेठांचे नाव आजपासून वर्गातून कमी केले आहे. त्यांच्या जागी सौ. मंदाकिनीताईंचे नाव घातले आहे. त्यांनी उद्या एकटीने वर्गास बसावे."

बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. वर्गात सर्वांत चांगली उत्तरे देणाऱ्यालाच बाहेर काढायचे आणि ज्याने कधी नाव नोंदवले नाही त्याला आत घ्यायचे, हा कोणता न्याय? त्यांनी शेठजींना धुतलेला सदरा घातला, रिक्षा बोलावली आणि तडक गुरुजींचे घर गाठले.

गुरुजी झोपाळ्यावर बसले होते. त्यांनी दोघांचे स्वागत केले, शेठजींना शेजारी बसवून घेतले आणि बाईंना खुर्ची दिली.

"गुरुजी, ह्यांचं काय चुकलं?" बाईंनी बसता बसताच विचारले.

"काहीच नाही. एकदाही नाही. म्हणूनच नाव कमी केलं."

"थट्टा करू नका हो. माझा जीव इथे टांगणीला लागलाय. तुमच्या वर्गात ह्यांची सुधारणा होत होती, सगळे बघत होते. आता तुम्हीच दार लावलंत तर मी ह्यांना कुठे नेऊ?"

"वहिनी, माणूस आठवतो तेव्हा कुठे बघतो, पाहिलंय कधी? कोणी वर बघतो, कोणी डोळे मिटतो. त्र्यंबकशेठ डावीकडे बघतात. डावीकडे तुम्ही असता. उत्तरं तुमची होती, मग नाव तुमचं नको?"

बाईंची मान खाली गेली, पण लगेच वर आली. "असतील माझी. मग? माझ्या माणसाचं चार लोकांत हसं होऊ द्यायचं? ज्या माणसाला सगळी पेठ विचारून चालायची, त्याला पाच भाज्या येत नाहीत, हे लोकांनी बघायचं? मी जिवंत असताना?"

गुरुजी काही बोलणार, तोच त्र्यंबकशेठ उठून उभे राहिले. त्यांनी गुरुजींकडे पाहिले नाही. ते बाईंच्या खुर्चीसमोर येऊन थांबले, टाचा जुळवल्या आणि लहान मुले शाळेत दाखवतात तशी उजव्या हाताची करंगळी वर केली.

"बाई, जाऊ?"

मंदाकिनीताईंना क्षणभर काही समजलेच नाही. मग समजले. त्यांनी पदर तोंडाला लावला. शेठजी करंगळी वर धरून उभेच होते आणि परवानगी मिळत नाही म्हणून त्यांचा चेहरा रडवेला होऊ लागला होता. अखेर गुरुजीच काठी टेकीत उठले, "या शेठजी, इकडे आहे," म्हणत त्यांना हाताला धरून मागे घेऊन गेले.

ते परत आले तेव्हा बाई पदरात तोंड झाकून रडत होत्या. गुरुजींनी शेठजींना झोपाळ्यावर बसवले, हातात पेरूची फोड दिली आणि हळू आवाजात म्हणाले,

"वहिनी, जन्मभर शाळेत शिकवलं ते मी. घर माझं. पण परवानगी त्यांनी तुम्हाला विचारली. का, ते तुम्हाला कळलंय, म्हणून मी बोलत नाही. एवढंच सांगतो. तुमच्या पेठेत शेजारच्या दुकानातून माल आणला, तर गिऱ्हाइकाला पत्ता लागत नाही, पण आपल्याकडे तो नाही हे दुकानदाराला कळतंच. तुम्ही कुजबुजत होता तेव्हा प्रत्येक वेळी त्यांना ते कळत होतं. मी त्यांच्यासाठी एक जागा केली होती, जिथे उत्तर न येणं चालतं. जगात आता तेवढी एकच जागा होती त्यांना. तुम्ही प्रेमापोटीच, पण तीही परीक्षेची करून टाकलीत. आणि घरी तर परीक्षेशिवाय दुसरा तासच नाही."

"मग मी काय करू?" बाई म्हणाल्या. "हे असे जाताना नुसती बघत बसू?"

"जवळ बसा. बघत नका बसू."

"परत नाही का येणार ते? अगदी थोडेसुद्धा?"

खोटे बोलणे गुरुजींना सहज शक्य होते आणि त्या क्षणी ते दयेचेही दिसले असते. "नाही, वहिनी," ते म्हणाले. "उद्या दोघं या. एकाच पडद्यात, शेजारी शेजारी बसा. त्यांनी त्यांचं उत्तर द्यायचं, तुम्ही तुमचं. त्यांचं उत्तर तुम्हाला येत असलं तरी ओठ मिटून ठेवायचे. त्यांच्यापेक्षा तुमचा व्यायाम अवघड आहे."

दुसऱ्या दिवशी चहा प्रश्नाविना दिला गेला. शेठजींनी कप घेण्यापूर्वी बाईंच्या तोंडाकडे पाहिले, थोडी वाट पाहिली आणि काहीच विचारले जात नाही असे दिसल्यावर घाईघाईने पिऊन टाकला. ती घाई पाहून बाईंचे काळीज तुटले.

वर्ग सुरू झाला. गुरुजींनी सगळ्यांना सोपा प्रश्न केला, "आज तुम्हाला या पडद्यापुढे कोणी आणून बसवलं, त्यांचं नाव सांगा." कोणी नातीचे नाव सांगितले, कोणी सुनेचे. एक आजी ऐटीत म्हणाल्या, "माझी मीच बसले." मग त्र्यंबकशेठांची पाळी आली.

शेठजींनी डावीकडे पाहिले. स्टूल रिकामे होते. मग उजवीकडे पाहिले, तर बाई अगदी खांद्याला खांदा लावून बसलेल्या. ते त्यांच्याकडे पाहत राहिले. पंचेचाळीस वर्षे हाक मारलेले नाव होते. बाईंना ते येत होते, ओठांवर आले होते, नुसता श्वास सोडला असता तरी पुरले असते. त्यांनी ओठ घट्ट मिटून घेतले. आपल्या माणसाला आपले नाव आठवत नाही हे पाहायचे, तेही सगळ्यांदेखत, आणि सांगायचे नाही, याहून अवघड काम त्यांनी जन्मात केले नव्हते. कोणी हसले नाही. कोणी घाई केली नाही.

"नाही येत," शेठजी म्हणाले.

"बरं," गुरुजी म्हणाले आणि पुढच्या माणसाकडे वळले.

वर्ग पुढे गेला, पण शेठजी वळले नाहीत. ते बाईंकडे पाहत होते. बाईंचे डोळे वाहत होते आणि त्या ते पुसत नव्हत्या. कित्येक महिने त्या घरात प्रश्न फक्त एकाच तोंडून निघत आला होता. आज दुसऱ्या तोंडून निघाला. शेठजी पुढे झुकले आणि हळूच, अदबीने म्हणाले,

"तुमचं नाव काय हो?"

"मंदाकिनी."

"मंदाकिनी," शेठजींनी म्हणून पाहिले. "छान आहे. रडू नका."

त्या दिवशी त्यांनी ते नाव आणखी कितीतरी वेळा विचारले, आणि विचारताना त्यांच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. बाईंनी प्रत्येक वेळी सांगितले. 'आत्ताच तर सांगितलं' असे त्या एकदाही म्हणाल्या नाहीत. नवरा परत येणार नाही, हे त्यांना आता समजले होते. जो शेजारी बसला होता तो त्यांना घाबरत नव्हता, आणि त्यालाही सोबत हवी होती.

घरातल्या वडीलधाऱ्यांना "मला ओळखलंत का?" असे विचारण्याऐवजी आपण जाऊन आपले नाव सांगावे आणि जवळ बसावे.