दहा चुकीचे प्रोग्रॅम

“…म्हणजे यातलाच एखादा येईल ना, सर?”

मैथिलीने वही टेबलावर ठेवली. साठ प्रोग्रॅम. सगळे पाठ, अगदी अर्धविरामांसकट.

फडतरे सर कॉम्प्युटर लॅबच्या खिडकीशी शेंगा सोलत बसले होते. हात झटकून त्यांनी वही चाळली. अक्षर मोत्यासारखं.

“सगळे चालतात?”

“सगळे. एकही चुकत नाही.”

“अरेरे,” सर म्हणाले.

मैथिलीला वाटलं, आपल्या ऐकण्यात चूक झाली. बारावीला तालुक्यात पहिली आलेली पोर ती. आजवरची प्रत्येक परीक्षा तिने पाठांतराच्या जोरावर मारली होती. फक्त गेल्या महिन्यातल्या चाचणीत ‘सर्वांत मोठी संख्या शोधा’ऐवजी ‘दुसरी मोठी शोधा’ असं आलं, आणि वीसपैकी चार मिळाले. घरी तिने ते सांगितलं नव्हतं. आता सोमवारी मिडसेम परीक्षा.

“शनिवारी दहा प्रोग्रॅम घेऊन ये,” सर म्हणाले. “एकही बरोबर चालता कामा नये.”

“चुकीचे आणू?”

“दहा वेगळ्या चुका. कुठे चुकणार, कसा चुकणार, ते आधी कागदावर लिहायचं. मशीनवर नंतर.”

“सर, पेपरात असं थोडंच विचारतात…”

सरांनी मूठभर शेंगा तिच्यापुढे सरकवल्या. बोलणं तिथेच संपलं.

होस्टेलवर तिची खोलीतली मैत्रीण गार्गी म्हणाली, “सोपं आहे की. एक अर्धविराम काढून टाक.”

तो पहिला. दुसऱ्यापाशीच गाडी अडली. चूक करायची म्हणजे कुठली ओळ काय करते हे कळायला हवं, आणि तसं तिने कधी पाहिलंच नव्हतं. ओळीमागून ओळ नुसती घोकली होती.

ती पहिल्यापासून वाचायला बसली. एका प्रोग्रॅममधला लूप, म्हणजे तेच काम पुन्हा पुन्हा करणारा भाग, एका फेरीने कमी केला. कागदावर लिहिलं, शेवटची संख्या गळेल. गळली. मैथिलीने स्वतःलाच टाळी दिली. मग गार्गीला हाक मारली, “बघ, हा आता थांबायचाच नाही.” पडद्यावर आकडे धो धो धावत सुटले आणि दोघी पोट धरून हसल्या.

शनिवारी मात्र ती तोंड पाडून लॅबमध्ये आली.

“नऊच झाले, सर. दहावा काही केल्या बिघडत नाही.”

“कुठला?”

“सर्वांत मोठी संख्या शोधायचा. सुरुवातीला यादीतली पहिली संख्या मोठी धरतात. मी मुद्दाम शून्य धरलं. लिहिलंही, की उत्तर चुकेल. पाचदा चालवला. पाचही वेळा बरोबर.”

“संख्या कुठल्या दिल्यास?”

“वर्गातल्या मुलांचे मार्क.”

सरांनी पुढची शेंग सोलायला घेतली.

मार्क शून्याखाली जातच नाहीत, मैथिलीच्या लक्षात आलं. मग तिने खुर्ची ओढली आणि टाइप केलं. उणे तीन, उणे आठ, उणे बारा.

उत्तर आलं, शून्य. यादीत शून्य नव्हतंच.

“चुकला, सर,” ती म्हणाली. आजवर कुठल्या बरोबर उत्तराने तिचा चेहरा इतका खुलला नव्हता.

सोमवारच्या पेपरात तिच्या वहीतला एकही प्रोग्रॅम आला नाही. तिला तीसपैकी पंचवीस मिळाले, आणि चाचणीचे चार व हे पंचवीस तिने एकाच फोनवर घरी सांगून टाकले. पण ते सगळं पुढचं. त्या शनिवारी ती दारापर्यंत गेली आणि परत फिरली.

“सर, एक कळलं नाही. पाच वेळा ज्याने बरोबर उत्तर दिलं, तो प्रोग्रॅम तेव्हा बरोबर होता की चूक?”

सरांनी एक शेंग फोडली. आत पाहिलं.

“तू त्याला नेमकं विचारेपर्यंत बरोबरच होता.”