लाल कपड्यांना नीळ

मंदा नदी जिथे वळण घेता घेता जराशी दमते, तिथल्या काळ्याभोर, गुळगुळीत खडकांच्या घाटावर सगुणा आणि तिची आई राजवाड्याचे कपडे धूत. सगुणाला सगळे सगू म्हणत. तिच्या परकराला तीन ठिगळं होती. एक आंबेपिवळं, एक पोपटी, एक जांभळं. त्यामुळे परकर रंगीत दिसतो, असं सगूचं म्हणणं होतं, आणि दुसरा परकर नसल्यामुळे तिच्याशी कोणी वाद घालत नसे.

आईचे डोळे मात्र भट्टीच्या वाफेनं आणि राखेच्या पाण्यानं हळूहळू विझून गेले होते. आता ती कपडे बोटांनी ओळखायची. "हा राजाचा अंगरखा. ही राणीसाहेबांची ओढणी. आणि हे खरखरीत म्हणजे आमचे शूरवीर!" असं म्हणून ती शिकाऱ्यांचे कपडे जरा जोरातच आपटायची.

शिकाऱ्यांचे कपडे लालभडक होते, पळस फुलल्यासारखे. त्यांचा म्होरक्या तुळाजी नाईक. मिशा मोठ्या, आवाज त्याहून मोठा. कपडे न्यायला आला की तो हमखास सांगायचा, "एवढं लाल घालून मी हरणाच्या पुढ्यात उभा राहतो. हलायचं नाही, बस्स. हरणाला पत्ता लागत नाही! जनावरच मूर्ख, त्याला कोण काय करणार?"

नदीपलीकडच्या रानात कधीकाळी हरणांचे कळपच्या कळप होते. आता बोटांवर मोजण्याएवढी उरली होती. त्यांतल्या कापऱ्या कानाच्या हरिणीला आणि तिच्या ठिपक्याठिपक्यांच्या पाडसाला सगू रोज पाहायची. ती दोघं पाण्यावर आली की ती धुणं आपटायचं थांबवायची. पाहुणे जेवत असताना आपण भांडी वाजवतो का?

एका सकाळी ते इवलंसं पाडस वाळत घातलेल्या कपड्यांच्या दोरीत अडकलं. जितकं ओढी, तितकी दोरी गळ्याला आवळे. सगूनं मागचापुढचा विचार न करता कोयत्यानं दोरी कापली. पाडस टुणकन उडी मारून पळालं, आणि शिकाऱ्यांचे चाळीस धुतलेले लाल कपडे चिखलात पडले.

"झालं!" सगू म्हणाली. "आता पहिल्यापासून."

तेवढ्यात गोकर्णाच्या वेलीवरचं एक निळंनिळं फूल उघडलं आणि त्यातून बोटाएवढी परी बाहेर आली. तिचे पंख दवाचे होते. त्यांवर ऊन पडलं की चिमुकली इंद्रधनुष्यं सांडत होती.

"चाळीस कपडे पुन्हा धुशील?" परीनं विचारलं.

"मग कोण धुणार? तुम्ही?"

परी खुदकन हसली. "मी नाही. पण मी तुला दोन इच्छा देते. मी डोळ्यांची परी आहे, तेव्हा इच्छा दिसण्याविषयीच हवी. सोनंनाणं, लाडूपेढे माझ्याकडे नाहीत. पहिली इच्छा उसनी. कोणाचेही डोळे माग, आणि दिवस मावळायच्या आत परत कर. दुसरी कायमची. ती येत्या पुनवेला मिळेल. पण एक अट आहे. उसन्या डोळ्यांनी जे दिसलं, ते तोंडानं कोणाला सांगायचं नाही. सांगितलंस, तर दुसरी इच्छा विरून जाईल."

दुसरी कशासाठी, ते सगूनं तिथल्या तिथे ठरवलं. आईसाठी. आणि पहिली?

"मला त्या हरिणीचे डोळे द्या," ती म्हणाली. "ती मूर्ख आहे की नाही, एकदा बघायचंय."

डोळे मिटून उघडले, आणि सगू दचकली. मान न वळवता तिला डावीकडचं दिसत होतं, उजवीकडचं दिसत होतं, पाठीमागचा घाटसुद्धा दिसत होता. दूरवर एक पान हललं, तरी छातीत धस्स होत होतं. आणि चिखलात पडलेले ते लालभडक कपडे? ते गेलेच कुठे? तिथे नुसता सुकल्या गवताचा रंग होता. लाल नावाचं काही या डोळ्यांत नव्हतंच.

पण उरलेल्या दोरीवर राजाचा पांढराशुभ्र अंगरखा वाळत होता. शेवटच्या पाण्यात नीळ घातलेला. तो असा झगझगत होता, जणू भर दुपारी कोणी निळा दिवा टांगलाय!

दिवस मावळायच्या आत सगूनं डोळे परत केले आणि ती गप्प बसली. बोलायची तर बंदी होती.

दोन दिवसांनी दवंडी पिटली गेली. राजाच्या वाढदिवसाला मोठी शिकार. रानात एक हरीण शिल्लक ठेवायचं नाही! चाळीस लाल पोशाख धुवायला आले. सगूनं ते धुतले, पिळले, आणि शेवटच्या पाण्यात निळीची पुरचुंडी सोडली.

आईनं पाण्यात हात घातला. बोटं एकमेकांवर चोळली, नाकाशी नेली. "सगे, ही नीळ गं. लाल कपड्यांना नीळ? आपल्या सात पिढ्यांत कोणी घातली नाही."

"आई, का ते मला सांगता येत नाही."

आईनं बोटं पदराला पुसली. "वाईट काम आहे का?"

"नाही."

"मग आणखी घाल. अर्धवट काम मला आवडत नाही."

दुसऱ्या दिवशी तुळाजीनं पोशाख अंगावर चढवला, आरशात पाहिलं आणि मिशीला पीळ दिला. "वा! रंग काय खुललाय!"

मग मंडळी रानात गेली. तुळाजी खोडासारखा निश्चल उभा राहिला. श्वाससुद्धा बेतानं घेत होता. समोरून कापऱ्या कानाची हरिणी आली. तिनं थेट त्याच्याकडे पाहिलं, ओळखीच्या माणसाकडे पाहावं तसं, आणि शेपटीचा पांढरा गोंडा उडवून ती पसार झाली. जो शिकारी जिथे उभा, तिथून हरणं शंभर पावलं लांब! दिवसभरात चाळीस जणांना मिळून एक ससासुद्धा मिळाला नाही. तुळाजीचा एक जोडा तेवढा दलदलीत गेला.

तो मूर्ख नव्हता. त्यानं घरी जाऊन कपडे हुंगले. मग चाळीसही पोशाख दुसऱ्याकडून साध्या पाण्यात खळखळून धुऊन घेतले, आणि पुनवेच्या सकाळी राजाला घेऊनच घाटावर आला. शिकारी गवतात रांगेनं उभे राहिले.

"पोरी," राजानं विचारलं, "लाल कपड्यांना नीळ का घातलीस?"

"सांगता येत नाही, महाराज."

"पाहिलंत?" तुळाजी गरजला. "मायलेकींचा घाट काढून घ्या! आणि आता बघा गंमत, आज नीळ नाही." त्यानं बाण लावला. पलीकडच्या काठावर कापऱ्या कानाची हरिणी आणि पाडस निवांत पाणी पीत होती. एवढे चाळीस लाल शिकारी समोर, पण त्यांना काही दिसत नव्हतं.

सगूच्या कानाशी पंख फडफडले. "आज पुनव," परी कुजबुजली. "माग. पण एकदाच मागता येईल हं."

सगूनं आईकडे पाहिलं. आई उन्हाकडे तोंड करून उभी होती. सगूच्या डोळ्यांतून टपटप पाणी गळलं.

"महाराजांना," ती म्हणाली, "दहा श्वास होईपर्यंत हरिणीचे डोळे द्या."

राजानं पापणी लववली. "तुळाजी? तुळाजी, कुठे गेलास?"

"इथेच आहे महाराज, तुमच्या समोर!" तुळाजी लावलेल्या बाणासकट वळला.

"मला दिसत नाहीस! माझी माणसं कुठे गेली सगळी?" चहूकडे नुसतं गवत होतं. आणि त्या गवतातून, कोणाचाही नसलेला एक बाण सरळ त्याच्यावर रोखलेला होता. राजा जन्मात एवढा घाबरला नव्हता. "खाली कर! बाण खाली कर म्हणतो ना!"

बाण खाली आला. दहा श्वास संपले. राजानं घाम पुसला आणि तो तुळाजीकडे वळला.

"मूर्ख म्हणायचास ना तू त्यांना? आजपासून शिकार बंद. तुम्ही चाळीस जण या रानाचे राखणदार. आणि पोशाख निळे घालायचे, गडद निळे. हरणांना दुरून कळू दे, कोण येतंय ते."

"निळे?" तुळाजी पुटपुटला. "मला निळा शोभत नाही, महाराज."

बाकीचे शिकारी हसले. नदीपलीकडे पाडसानं पाण्यात उडी मारली आणि थेंबांची मोत्यासारखी कारंजी उडाली. राजानं घाट मायलेकींच्या नावे करून दिला.

सगळे गेल्यावर परी सगूच्या तळहातावर उतरली. "मी तुला कायमची इच्छा दिली होती, आणि तू तिच्यातले दहाच श्वास खर्च केलेस. उरलेली इच्छा कोणाला देऊ?"

सगूनं आईकडे बोट दाखवलं.

परीनं दवाचे पंख झटकले. सोनेरी, गुलाबी, निळे, इवलेइवले कण आईच्या पापण्यांवर उतरले. मग परी उजळत गेली, उजळत गेली, एवढी की नदीचं पाणी, खडक, गवताचं पातं न् पातं लखलखलं, आणि त्या लखलखाटातच ती मिसळून गेली.

आईनं डोळे चोळले. समोर उभ्या असलेल्या पोरीकडे ती पाहत राहिली. मग पुढे होऊन तिनं सगूचा चेहरा दोन्ही हातांत धरला.

"अगं बाई," ती म्हणाली, "केसांचा हा काय गुंता! बस इथे. आधी विंचरू दे मला."