गडाखालचा लॉज

"पण बाबा, पंख्याची खोली सोडून ही पोरं परक्याच्या पडवीत का झोपतात?"

दिगंबरशेठ तणतणतच दर्ग्यात हसनबाबांकडं आला होता. गड बघायला येणारी तरुण मंडळी त्याच्या वडिलांच्या काळापासून त्यांच्याच लॉजवर उतरायची. हल्ली मात्र ती मोबाइलवर बघून कुमुद नर्सबाईंच्या घरी जात. तिथं अनोळखी माणसांच्या शेजारी गादी टाकत, एकाच न्हाणीघराला नंबर लावत. इकडं लॉजच्या खोल्या बंदच.

"स्वस्त पडत असेल," हसनबाबा म्हणाले.

"कसलं स्वस्त? माझ्याइतकंच घेते ती! वर बाई स्वतः शेतात आणि किल्ली दारातल्या खुंटीला. कोण येतं, कोण जातं, पत्ता नाही. एक दिवस घर धुऊन नेतील, मग कळेल."

बाबा हसले.

"हसू नका. उद्याच तालुक्याला जाऊन तक्रार देतो आणि तिचं हे सगळं बंद पाडतो. नाहीतर माझ्याच लॉजला कुलूप लागेल... तुम्ही फक्त डोक्यावर हात ठेवा."

बाबांनी हात ठेवला नाही. काठी घेऊन उठले.

"विहिरीवर जाऊन येतो, दिगू. तू माठापाशी बस. कुणी आलं तर पाणी दे."

थोड्या वेळानं गड उतरून एक मुलगा आणि एक मुलगी आली. उन्हानं चेहरे लालबुंद.

"काका, पाणी मिळेल?"

"मिळेल की! बसा, बसा."

शेठनं पेला विसळला, काठोकाठ भरला. खरंच मनापासून. मुलीनं हात पुढं केला आणि शेठच्या तोंडून सवयीनं निघून गेलं,

"दोघं एकमेकांचे कोण?"

मुलीचा हात तिथंच थांबला.

"का काका? पाण्यालाही आधार कार्ड लागतं?" मुलगा म्हणाला.

"चल रे," मुलगी उठली. "कुमुदताईंकडं पिऊ."

"अहो, मी आपलं सहज..."

ती दोघं केव्हाच फाटकाबाहेर पडली होती.

बाबा परतले तेव्हा शेठ पेला धरून तसाच उभा होता.

"न पिताच गेली, बाबा. नुसतं विचारलं मी. विचारायला नको?"

बाबांनी काठी भिंतीला टेकवली.

"आम्हाला विचारावंच लागतं. लॉज आहे."

बाबा त्याच्या हातातून पेला काढून घ्यायला लागले. शेठची बोटं चटकन सुटेनात.

"माठ माझा, पाणी विहिरीचं," बाबा हळूच म्हणाले. "तू राखण कशाची करत होतास, दिगू?"