सोनटक्क्याची पहिली माळ

घटस्थापनेच्या सांजेला भगवतीच्या गळ्यात ज्याच्या बागेतली पहिली माळ पडे, त्याला करवंडे गावात देवीपुढचा नारळ मिळे, पालखीचा पुढचा दांडा मिळे, आणि लोक वर्षभर त्याला वाट देत. अंतोजी खोतांच्या नारळाच्या बागाच होत्या. खांदा द्यायला गडी होते. वाट तर लोक भीतीनेच सोडत. मग त्यांना या माळेतून मिळायचं काय होतं? एवढंच, की तो मान चिमाई गुरविणीला मिळू नये!

त्या काळी श्रीमुकुंदबुवा महाराज करवंड्यात ओढ्याकाठी झोपडीत राहत. झोपडीमागच्या ओलीत विधवा चिमाईने सोनटक्का लावला होता. चैत्रात गड्डे फोडून लावायचे, फुलून गेलेला दांडा कापायचा, म्हणजे शेजारून नवा येतो. कळ्या ती दुपारी मिटलेल्याच खुडी. देवीच्या गळ्यात त्या दिवेलागणीला उमलत.

त्या वर्षी खोतांनीही सोनटक्का लावला. "चिखलातल्या फुलांना चिखलाचाच वास," असं चारचौघांत म्हणाले, आणि घटस्थापनेच्या आदल्या सकाळी गडी पाठवून चिमाईचा एकूण एक दांडा वीतभर खुंट ठेवून कापवला.

चिमाई रडली नाही. कोयता घेऊनच झोपडीत शिरली. महाराज कांबळं पांघरून बसले होते.

"तुमच्या डोळ्यांदेखत कापलं, आणि तुम्ही जप करत बसलात?"

"राग आलाय?"

"आलाय! तुमचासुद्धा आलाय!"

"मलाही आलाय," महाराज म्हणाले. तो आवाज ऐकून चिमाई दचकली. "जा, पाणी घाल."

"खुंटांना? तोंडातून नुसत्या शिव्या येतायत माझ्या!"

"शिव्यांसकट घाल. कोयता इथे ठेव."

मग काय! दर घागरीला खोतांची एकेक पिढी भिजत गेली. सांजेपर्यंत सात पिढ्या ओल्याचिंब झाल्या, तरी चिमाईचा राग काही निवला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती पुन्हा घागर घेऊन गेली, तो काय आश्चर्य! पुरुषभर उंच दांडे, आणि प्रत्येकाच्या शेंड्याला टपोऱ्या कळ्या!

तिकडे खोतांनी माळ भरगच्च दिसावी म्हणून आदल्या सांजेला उमललेली फुलं सकाळीच ओवून घेतली आणि दिवसभर वाजतगाजत गावातून मिरवली. देवळात पोचेपर्यंत फुलांच्या तपकिरी चिंध्या झाल्या होत्या.

"खोत, हे देवीला घालू?" पुजाऱ्यांनी विचारलं.

तेवढ्यात चिमाईची माळ आली. समईच्या उजेडात एकेक कळी उमलू लागली, गाभारा सुगंधाने भरला.

"ही कुठून आणलीस?" खोत ओरडले. "सगळे दांडे मी कापवले होते!"

सगळं देऊळ खोतांकडे वळून पाहू लागलं.

"कापवलेत ना?" चिमाई गरजली. "मग सांगा सगळ्यांना, किती कापवलेत!"

हे महाराजांचंच काम, हे खोतांनी ओळखलं. खांबापाशी बसलेल्या महाराजांच्या पायांवर त्यांनी डोकं ठेवलं. कांबळं सरकलं. दोन्ही नडग्यांवर, जमिनीपासून वीतभर उंचीवर, कोयत्याचे घाव होते, एकाला लागून एक.

"महाराज, हे...?"

"तिचं पुन्हा उभं करायचं, तर तुझे घाव कुठेतरी ठेवायलाच हवे होते," महाराज म्हणाले.

खोतांनी डोकं वर काढलं नाही. चिमाईही महाराजांच्या पायांशी बसली. खोतांचा गेला मान, चिमाईच्या गेल्या पाण्याच्या घागरी. बाकीचं सगळं मोल महाराजांनी भरलं.