शृंगाराचा विडा

रंगपंचमीच्या आदल्या दिवशीची दुपार. वेळणी संस्थानचा दरबार. राजे सुभानराव गादीवर, कवीश्वर मोरभट गुडघ्यांवर, आणि शृंगाराख्यानाचा चौथा मसुदा राजेसाहेबांच्या मुठीत चुरगळलेला.

"पहिल्या कडव्यात राजा वाघ," राजेसाहेब कडाडले. "दुसऱ्यात नायिकेचे पाय चेपतो. तिसऱ्यात पुन्हा वाघ. चौथ्यात तिच्या पदराआड बसून रडतो. मोरभट, याला प्रेम झालंय की हिवताप?"

"रसपरिपोष, सरकार," मोरभट पुटपुटले.

"आणि ती बया? घटकेत हुकूम सोडते, घटकेत थरथरते. पलंगावर चालतं कुणाचं, हे लिहिणाऱ्याला तरी ठाऊक आहे का?"

लिहिणाऱ्याला ठाऊक नव्हतं. पण दरबारात तसं कबूल करायची पद्धत नव्हती.

"आख्यान चोख आहे, सरकार. ही फडवाली भिवरा तालमीत भलत्या जागी हसते. त्यानं रस नासतो."

भिवरा खांबापाशी उभी होती. उद्या हे आख्यान तिच्याच फडाला सादर करायचं होतं. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. शाई यांनी सांडायची आणि डाग नाचणारीच्या लुगड्यावर दाखवायचे!

"हसले, हे खरं," ती म्हणाली. "एका ओळीत मी मालकीण, पुढच्या ओळीत मोलकरीण. कुठल्या तोऱ्यात पाऊल टाकू, तेच कळेना. मग हसू येणार नाही तर काय?"

"असं? मग तूच बांध आख्यान," राजेसाहेब म्हणाले. "अट ऐकून घे. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत राज्य तिचं चाललं पाहिजे. आणि राजा एकाही ओळीत वाकता कामा नये. दिवेलागणीच्या आत जमलं नाही, तर तुझ्या फडाची जागा खाली कर. तिथं हत्ती बांधायचेत."

त्या जागेत फडातल्या सगळ्या बायकांच्या चुली होत्या. भिवराचा जन्मही तिथलाच. दरबारी मंडळी एकमेकांकडे बघून मिशीत हसली. त्यांच्या चुली सुरक्षित होत्या.

भिवरानं पदर खोचला. "आधी दोन गोष्टी सांगा, सरकार. त्या दोघांत सुरुवात कोण करतं?"

"राजा. आणखी कोण?"

"आणि 'पुरे' कोण म्हणू शकतं?"

राजेसाहेबांनी मिशीला पीळ दिला. हा विचार त्यांनी कधी केला नव्हता.

"शृंगारात असले हिशेब नसतात," मोरभट फणकारले.

"म्हणून तर चार मसुदे चुरगळले, कवीश्वर. सरकार, विडा मागवा."

वेळणीची रीत अशी, की अवघड कामगिरी सांगताना राजानं विड्याचं तबक स्वतःच्या हातांनी धरून उभं राहायचं. कामगिरी पत्करणाऱ्यानं विडा उचलायचा. तो उचलला जाईपर्यंत राजानं खाली बसायचं नाही. चांदीचं तबक आलं. राजेसाहेब उठले.

"आता म्हणा, सरकार: आजची रात्र जी माझ्यावर राज्य करील, तिनं हा विडा उचलावा."

राजेसाहेबांनी किल्ल्यावर हल्ला बोलावा तशा आवाजात ते म्हटलं. दरबारात खसखस पिकली.

"कथेत नायिका हा विडा उचलते," भिवरा सांगू लागली. "मग ती म्हणते, पगडी काढ. तो काढतो. ती म्हणते, दिवा घेऊन जवळ ये. तो येतो."

"वाकला!" मोरभट ओरडले.

"कसा वाकला? सेनापती विडा उचलतो, तेव्हा रणात हुकूम त्याचे सुटतात. पण मोहीम कुणाची? राजाची. आणि राजानं विडा परत मागितला, की मोहीम तिथंच थांबते."

"वा! म्हणजे लगाम माझ्याच हातात," राजेसाहेब खूश झाले. मग त्यांच्या कपाळाला आठी पडली. "पण मग तिचं राज्य कुठं राहिलं? अर्धी अट मोडलीस की."

"ती अर्धी दाखवते," भिवरा म्हणाली. तिनं दोन्ही हात मागे बांधले.

"उचल," राजेसाहेब म्हणाले.

"हा हुकूम आहे का, सरकार?"

राजेसाहेबांनी होकारासाठी तोंड उघडलं, तोच दिवाण खाकरले. "हुकमानं विडा उचलवता येत नाही, सरकार. ती वेठबिगार झाली. रीत मोडते."

राजेसाहेब उभे. भिवरा उभी. तबक जड होतं आणि राजेसाहेबांचे गुडघे जुने होते. विड्यावर एक माशी येऊन बसली; तिला हाकलायला हात मोकळा नव्हता. मोरभट लगबगीनं पुढे सरकले. राजेसाहेबांनी तबक झटकन मागे घेतलं.

"तुम्ही नको!"

दरबारानं हसू दाबण्यासाठी मिळून खोकून घेतलं. उन्हाचा पट्टा गादीवरून सरकत भिंतीला लागला. राजेसाहेबांनी एका पायावरचा भार दुसऱ्यावर घेतला, मग पुन्हा पहिल्यावर.

"भिवरा, तुला घरी कामं असतील."

"छे, सरकार. आज मोकळीच आहे."

आणखी थोडा वेळ गेला. मग राजेसाहेब हळूच म्हणाले, "भिवराबाई, उचलता का?"

"सरकार वाकले?"

"नाही. खांबासारखा ताठ उभा आहे."

"हुकूम कुणी सोडला?"

"कुणीच नाही."

"मग इतका वेळ राज्य कुणाचं चाललंय?"

राजेसाहेबांनी तबकाकडे पाहिलं, भिवराकडे पाहिलं, आणि ते असे गदागदा हसले की विडा तबकातून घसरला. भिवरानं तो वरच्यावर झेलला.

"ती उचलेल तेव्हा उचलेल, ठेवावासा वाटला तर ठेवून देईल," ती म्हणाली. "तोवर राजा तबक घेऊन तिच्या महालाच्या उंबऱ्यावर उभा. हे तेवढं कथेत शेवटपर्यंत धरून ठेवायचं, सरकार. मग वाघ केव्हा नि कोकरू केव्हा, हा घोळच होत नाही."

गादीवर टेकताच राजेसाहेबांनी फडाची जागा फडाला कायमची देऊन टाकली. तबकही भिवराला दिलं.

"आणि हत्ती, सरकार?" दिवाणांनी विचारलं.

"मोरभटांच्या अंगणात बांधा."

दुसऱ्या दिवशी आख्यान रंगलं. राजा तबक घेऊन उंबऱ्यावर उभा राहतो त्या कडव्याला चिकाच्या पडद्याआडून पहिलं हसू आलं ते राणीसाहेबांचं.

त्यानंतरच्या सकाळी राणीसाहेबांच्या महालाच्या उंबऱ्याबाहेर दुसरं एक चांदीचं तबक सापडलं. त्यात न उचललेला, सुकलेला विडा होता. पहाऱ्यावरच्या बायकांनी तो पाहिला, दिवाणांनीही पाहिला. ते तबक तिथं कोण धरून उभं होतं, आणि किती वेळ, याचं उत्तर वेळणीत अजून कुणीही दिलेलं नाही.